खालच्या पट्टीतला आवाज

४ जानेवारी

थोरल्या साडूंना धाकट्याचा नमस्कार, आणि अक्कांच्या मोडलेल्या हाडाला लवकर सांधण्याची विनंती.

आमची ही परवा तुमच्याकडे पोचली असेल. मोठी बहीण पडली म्हटल्यावर तिने पिशवी भरायला अर्धा तासही घेतला नाही. मला विचारलं देखील नाही, नुसतं सांगितलं. त्यांच्या माहेरच्या बायकांची रीतच ती.

तिला सांभाळून घेण्याबद्दल चार गोष्टी लिहितो. तिला कमी ऐकू येतं हे तुम्हाला ठाऊक आहे, पण किती कमी, ते दोन दिवसांच्या पाहुणचारात कळत नाही. एखादा महिना बरा जातो, एखादा अगदीच बहिरा. मधूनच गरगरतं, तेव्हा तिला भिंतीला टेकवून बसवायचं आणि प्रश्न विचारायचे नाहीत. एकदा डॉक्टरला दाखवलं होतं. तो म्हणाला, वय झालं. वय माझंही झालं होतं, पण मी फी देणारा, म्हणून मला कोणी काही म्हणालं नाही. बोलताना तिच्या समोर उभे राहा आणि ओठ नीट हलवा. ती हसून ‘हो हो’ म्हणाली, तर तिला काहीही कळलेलं नाही असं धरून चाला.

मी का आलो नाही, तर मागच्या खोलीतली लिंबं. लोणच्यांचं दुकान विकलं, पण ती खोली ठेवली, हे तुम्हाला माहीत आहेच. मिठात घातलेलं लिंबू लहान मुलासारखं असतं, रोज उलटंपालटं करावं लागतं. तिच्याबरोबर तीन बरण्या दिल्यात: एक लिंबांची, एक मिरच्यांची, एक खारवलेल्या मासळीची. तुमच्या स्वयंपाकाची मला कल्पना आहे. हयातभर दवाखान्याच्या भटारखान्यात आजाऱ्यांसाठी शिजवलंत. आता घरातल्या धडधाकट माणसांनाही तेच वाढता. जेवताना तिच्या पानात माझी एक फोड असू द्या, म्हणजे तिला आपण कुठे आलो आहोत ते विसरता येईल.

घर फार शांत आहे. संध्याकाळी दिवा लावला की मी आमच्या शाळेतल्या मास्तरांच्या कविता म्हणतो, हा आमचा लग्नापासूनचा परिपाठ. मास्तर कविता कधी छापत नसत. फळ्यावर लिहायचे, आमच्याकडून पाठ करून घ्यायचे आणि पुसून टाकायचे. वर्गात माझाच आवाज जाड, म्हणून पहिली ओळ नेहमी माझ्याकडे. त्याच आवाजावर ही भाळली, असं ती स्वतः कबूल करते. आता कित्येक वर्षं ती ऐकत नाही, नुसती ओठांकडे बघत बसते. तरी मी म्हणतो. परवापासून समोर ओठ बघणारंही कोणी नाही.

आपला,
धाकटा साडू


१६ जानेवारी

धाकट्या साडूंना अळणी घरातून आशीर्वाद.

अक्का पलंगावर आणि तुमची ही तिच्या उशाशी. दोघी मिळून मला हुकूम सोडतात. एकीला हलता येत नाही, म्हणून मी हलायचं. दुसरीला ऐकू येत नाही, म्हणून मी ओरडायचं. असं ठरलं होतं.

पण साडूबुवा, तुम्ही लिहिलंत तितकी काही ती बहिरी नाही हो. परवा मी ओट्याशी पाठमोरा उभा राहून, भांडी घासता घासता, आमच्या मोठ्या डॉक्टरांचा तो जुना किस्सा अक्काला सांगत होतो: डॉक्टर चुकून रोग्याचं ताट जेवले आणि स्वयंपाक्याला शिक्षा म्हणून तेच ताट जेवायला लावलं. अक्का हसली नाही, तिला तो पाठ आहे. पण मागून हसू आलं ते तुमच्या हिचं. माझा चेहरा तिला दिसत नव्हता. मी वळून पाहिलं तर डोळ्यांतून पाणी काढून हसत होती.

काल आतल्या खोलीतून आली आणि म्हणाली, ‘दूध उतू चाललंय.’ चाललं होतं.

तुम्ही घरी फार जाड आवाजात बोलत असाल. माझा आवाज बारीक, शाळेत पोरं मला पिपाणी म्हणायची. कदाचित पिपाणी तिच्या कानाला बरी पडत असेल.

आपला,
थोरला


२१ जानेवारी

साडूबुवा,

तुमचं पत्र मिळालं. मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा ते मला पचलं नाही.

तुमचा तो डॉक्टरांच्या ताटाचा किस्सा मी ऐकलेला आहे. तो ऐकून डोळ्यांतून पाणी येतं, हे खरं. पण हसून नव्हे. ती पाहुणी आहे, पाहुणे हसतात. तुम्ही खांदे हलवत असाल, त्यावरून तिने ओळखलं असेल. तुमचे खांदे तुमच्या आवाजापेक्षा जास्त बोलतात. दुधाचं म्हणाल, तर दूध उतू गेल्याचा वास येतो, त्याला कान लागत नाहीत.

आणि जाड आवाजाचं म्हणाल, तर त्याच आवाजाने तिला इतकी वर्षं घरात ठेवलं. पिपाणीने नव्हे.

मी हे रागाने लिहीत नाही. फक्त एवढंच विचारतो, की मी समोर बसून, तोंड धुऊन, दिवा चेहऱ्यावर घेऊन कविता म्हणतो तेव्हा तिला ‘काय म्हणालात?’ विचारावं लागतं आणि तुमच्या पाठीतून निघालेला शिळा विनोद तिला ऐकू जातो, हे कसं? कानामागून आलात आणि तिखट झालात, म्हणतात तसं झालं हे.

माझ्या बरण्या उघडल्या का? त्याबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. आणि तिला म्हणावं, दोन ओळी स्वतः लिही. मोडलंय ते अक्कांचं हाड, हिचा हात नव्हे.

धाकटा


२ फेब्रुवारी

साडूबुवा,

रागाने लिहीत नाही असं लिहिलंत तेव्हाच कळलं. बसा, पाणी प्या, मग पुढे वाचा.

तिला ऐकू येतंय. मी आता पैजेवर सांगतो. सुरुवातीला बारीक आवाज येत होते, आता जाडही येऊ लागलेत. परवा तिने विचारलं, ‘हे काय गुरगुरतंय?’ मी सगळीकडे शोधलं. फ्रिज. तो आमच्याकडे आला त्या दिवसापासून गुरगुरतोय, आम्ही त्याला घरातला माणूस समजतो. काल खालून ट्रक गेला तर खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. गरगरणंही थांबलंय.

आता श्रेय कोणाचं, तुम्हीच सांगा. मी सकाळी भिजवलेली कडधान्यं देतो. दुपारी पालेभाजी आणि भोपळा, भोपळ्याच्या बिया भाजून वेगळ्या. आठवड्यातून दोनदा ताजा मासा, वाफवलेला. रक्त चांगलं तर कान चांगला, हे आमच्या भटारखान्यातल्या आहाराच्या बाई कायम म्हणायच्या. आणि मीठ म्हणाल तर अक्काच्या रक्तदाबामुळे या घरात टेबलावर मीठच नसतं. चिमूटभर भांड्यात पडतं, तेही मी दुसरीकडे बघत टाकतो. महिन्याभरात माझ्या पळीने तुमच्या बायकोचे कान उघडले. हे गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय.

तुमच्या बरण्या वरच्या फळीवर आहेत. उघडल्या नाहीत. अक्काला चालत नाही, मला आवडत नाही, आणि हिने मागितल्या नाहीत.

तिला दोन ओळी लिहायला सांगितल्या. म्हणाली, ‘काय लिहू, त्यांना वाईट वाटेल.’ मला अर्थ कळला नाही, जसं म्हणाली तसं लिहिलं.

थोरला


७ फेब्रुवारी

साडूबुवा,

वरच्या फळीवर. बरं.

त्या लिंबांसाठी तीन गल्ल्यांपलीकडून लोक यायचे. पावसात छत्री धरून यायचे. एक बाई तर माहेरी निघाली की आधी माझ्याकडे बरणी घ्यायची आणि मग तिकीट काढायची. त्या बरण्या तुमच्या फळीवर धूळ खात बसल्या आणि माणसं भोपळ्याच्या बिया चघळतायत. पिकतं तिथे विकत नाही, हे मला माहीत होतं. बायकोबरोबर पाठवलं तरी विकत नाही, हे नवीन.

‘हिने मागितल्या नाहीत.’ हे वाक्य लिहिताना तुम्हाला किती बरं वाटलं असेल, ते मला इथून दिसतं.

दुपारी डोळा लागला तर तुमचं स्वयंपाकघर दिसतं. तुम्ही पाठमोरे. ती स्टुलावर. तुम्ही काहीतरी बारीक आवाजात बोलताय आणि ती हसतेय. मी दारात उभा आहे आणि घसा ताणून कविता म्हणतोय, पण मास्तरांनी फळा पुसल्यासारखं काहीच उमटत नाही. या वयात हे असं दिसावं, याची लाज वाटते. पण दिसतं त्याला काय करू?

वाईट मला कसलं वाटेल, ते तिने मला सांगावं, तुमच्यामार्फत नको. यापुढे तिला जे द्यायचं ते मी परभारे तिच्याच नावाने पाठवीन.

धाकटा


७ फेब्रुवारी

सौ. हिला,

या पार्सलात तुझ्या आवडीची बारकी लिंबं आहेत, मागच्या हिवाळ्यात घातलेली, आणि मासळीची छोटी बरणी. बरणी तुझ्या पलंगाजवळ ठेव. स्वयंपाकघरात नेलीस तर ती फळीवर चढेल.

रोज एक फोड खा आणि खाताना माझी आठवण काढ. एवढंच. दुसरं काही मागत नाही.

घरी सगळं ठीक. तुझी खुर्ची मी हलवलेली नाही. संध्याकाळी तिच्याकडे बघूनच म्हणतो. मास्तरांची ती जुनी:

दूर दिव्यांची ओळ दिसे ती,
पाउल माझे जड झाले;
हाक तुझी ये वाऱ्यावरुनी
आणि मला घर सापडले.

खुर्ची ‘काय म्हणालात?’ असं विचारत नाही. ते चुकल्यासारखं वाटतं.

तुझाच


१ मार्च

साडूबुवा,

लिहायला उशीर झाला. आधी एवढं वाचा की ती आता बरी आहे, उठून बसते, जेवते.

तुमचं पार्सल आल्यानंतरच्या आठवड्यात ती पडली. न्हाणीच्या दारात. मला वाटलं, पाय घसरला. पण उठवलं तर तिला घर फिरताना दिसत होतं. दोन दिवस उलट्या. आणि ऐकू येणं बंद. माझी पिपाणीदेखील नाही. मी ओट्याशी उभा राहून भांडी आपटली, तिने वर पाहिलं नाही. साडूबुवा, एका घरात एक हाड मोडलेली बाई आणि एक डोकं धरून बसलेली बाई, आणि मधे मी. मला विनोद सुचेना, यावरून काय ते समजा.

इथल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तरुण आहे, पण घाई करत नाही. कानात यंत्र लावून तपासलं, आलेख काढला. मग विचारलं, ‘गेल्या आठवड्यात खाण्यात काही बदल?’ मी छाती पुढे काढून म्हणालो, ‘काही नाही, आमच्याकडे अळणीच असतं.’ त्यांनी हिला कागदावर लिहून विचारलं. हिने कागद तसाच परत केला. संध्याकाळी अक्काला काठीने पलंगाखालची चप्पल ओढायची होती, तर काठीला बरणी लागली. मासळीची संपलेली, लिंबांची निम्मी. तुम्ही एक फोड लिहिली होती. तिने तुमची आठवण जरा जास्तच काढली असावी.

मी बरणी घेऊन पुन्हा गेलो. बाईंनी समजावलं, ते माझ्या शब्दांत लिहितो. कानाच्या आत पाण्याची एक इवलीशी पिशवी असते. काही माणसांत ती फुगते. फुगली की कान भरल्यासारखा वाटतो, गरगरतं, ऐकू कमी येतं, आणि आधी जातात ते जाड, खालच्या पट्टीतले आवाज. बारीक आवाज मागाहून. मीठ पाणी धरून ठेवतं, त्यामुळे अशा माणसाने खारट खाल्लं की पिशवीला निमित्त मिळतं. मीठ कमी करून सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण हिला येतो असं दिसतंय. गोळीही दिली आहे. माझ्या भोपळ्याबद्दल विचारलं. म्हणाल्या, ‘चांगला आहे, खाऊ दे. पण कान त्याने नाही उघडले.’ तेव्हा श्रेयाचा माझा दावा मी मागे घेतो. गल्लीत अजून कोणाला सांगितलेलं नाही.

आणखी एक म्हणाल्या, ते सांगितलंच पाहिजे. ही पिशवी अशीच फुगत राहिली तर दर वेळी थोडं ऐकणं परत येतच नाही. बरीच वर्षं हे चाललंय. अजून शिल्लक आहे, पण फार नाही.

अक्का आता काठीवर चार पावलं टाकते. महिन्याभरात धाकटीला परत पाठवायला हवं. पण खरं सांगू? तुमच्या त्या मागच्या खोलीच्या घरात तिला पाठवायची मला भीती वाटते. राग आला तरी चालेल.

थोरला


६ मार्च

साडूबुवा,

राग आला. तोच आधी लिहितो, म्हणजे पुढे जागा होईल.

पत्र वाचल्यावर पहिला विचार आला तो असा, की यांना तिला ठेवून घ्यायचंय. बायको आजारी पडल्याचं कळवणाऱ्या पत्रात माणसाने हे वाचावं, म्हणजे हेवा किती खोल गेला असेल बघा. दिवसभर मी घरात फिरून तुमच्याशी भांडलो. तुम्ही काय काय बोललात, तेही मीच बोललो, तुमच्या त्या बारीक आवाजात.

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत गेलो. दार उघडलं की तो वास येतो, लिंबाची साल आणि ओलं लाकूड. त्या वासात मी लहानाचा म्हातारा झालो. बरण्या ओळीने उभ्या, वर्गात मुलं उभी असावीत तशा. आणि मला वाटलं, की मी रोज संध्याकाळी त्या खुर्चीसमोर बसून तिला हाक मारत होतो, आणि रोज दुपारी तिच्या पानात फोड वाढून तीच हाक तिच्यापर्यंत पोचू देत नव्हतो. दोन्ही प्रेमानेच. तुम्ही मधे कुठेच नव्हता.

तरीही तुमचा हेवा वाटतो. वाटतोच. तुम्ही तिला तुमच्या अळणी कालवणाने हसवलंत. माझं सगळं वाढूनही मला ते जमलं नाही.

बरण्या वाटून टाकल्या. कोपऱ्यावरचा खाटीक, घड्याळवाला, जुनी गिऱ्हाइकं. सगळे विचारत होते, ‘का हो, काय झालं?’ मी म्हणालो, जागा हवी आहे. रिकामी खोली मोठी दिसत नाही, लहानच दिसते, हे मला माहीत नव्हतं.

आता कामाचं. मीठ न घालता स्वयंपाक कसा करतात? कालपासून प्रयत्न करतोय. भाजी केली, ती ओली वही चावल्यासारखी लागली. अंडं केलं, ते कोणी दुसऱ्यानेच खाल्लं असं वाटलं. तुम्हाला हे विचारताना माझी मान किती खाली गेलीय, ती तुम्हाला तिथून दिसत असेल. बघून घ्या एकदा, आणि मग नीट लिहा.

धाकटा


१४ मार्च

साडूबुवा,

मान पाहिली. वर करा आता, दुखेल.

अळणी रांधणं हे सोंग नाही, सवय आहे. लिंबू ताजं पिळा, खारवलेलं नव्हे. लसूण मंद आचेवर भाजा, तो गोड होतो. मिरी जेवायच्या आधी कुटा, डब्यातली नको. कांदा तांबूस होईपर्यंत थांबा. तुमच्यासारखी माणसं तिथेच घाई करतात. भाजी पाण्यात शिजवून पाणी फेकू नका, सगळी चव मोरीत जाते. पाव, चीज, डबाबंद सूप यांत मीठ लपलेलं असतं, पाकिटामागचं वाचून घ्या. आणि पहिले दोन-तीन आठवडे काहीही करा, चव येणार नाही. आपण चुकलो असं वाटेल. चुकलेले नसता. जीभ नव्याने शिकत असते. एके दिवशी टोमॅटो खाल आणि दचकाल.

चिमूटभर मीठ घालायला हरकत नाही. दुसरीकडे बघत घाला.

हिने शेवटी लिहिलंय. मी वाचलेलं नाही. म्हणजे पाकीट चिकटवण्याआधी अक्काने वाचलं आणि मला सांगितलं, ते वेगळं.

थोरला


(सोबतचं पत्र)

अहो,

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लिहीत नव्हते. आता वाटून झालं असेल, म्हणून लिहिते.

बरण्यांचं मला आधीपासून थोडं कळत होतं. मागे भाचीच्या बाळंतपणाला गेले होते, तिथेही मला बरं ऐकू आलं होतं, घरी आले आणि पुन्हा गेलं. दोनदा तसं झालं. पण डॉक्टर वय म्हणाले होते, आणि मला खात्री नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला खात्री करून घ्यायची नव्हती. तुम्ही फोड वाढताना माझ्या तोंडाकडे बघता. ती मी नको म्हटली असती तर तुम्ही गप्प झाला असता, मला माहीत आहे तुमचं गप्प होणं. कविता ऐकू येत नसली तरी तुम्ही म्हणताय, हे दिसत तरी होतं. गप्प झालेला माणूस मला दिसलाही नसता.

इथे पलंगाखाली बरणी ठेवली तीही म्हणूनच. तुम्ही लिहिलंत, दुसरं काही मागत नाही. मग तेवढंही न द्यायला मन होईना. मूर्खपणा होता. तुम्ही एक फोड म्हणालात आणि मी चोरून चार खाल्ल्या, कारण लिंबं फार छान झाली होती. तेही लिहून ठेवते.

भाऊजींवर रागावू नका. तुमच्या कविता कोणत्या, त्या कशा म्हणता, हे ते रोज विचारतात. एकदा मी सांगितल्या तशा त्यांनी अक्काला म्हणून दाखवल्या. अक्का म्हणाली, ‘पुरे, दूध नासेल.’ त्यावर दोन दिवस भाऊजी कोणाशी बोलले नाहीत. धाकटीचा नवरा बायकोसाठी कविता म्हणतो, हे अक्काने त्यांना आयुष्यभर ऐकवलंय म्हणे. तेव्हा जळणारे तुम्ही एकटेच नाही.

अक्का चालायला लागली की मी येते. खोली रिकामी केलीत, असं भाऊजी म्हणाले. त्याबद्दल मी काही बोलणार नाही, मला रडू येईल आणि शाई फुटेल.

मला आता ट्रक ऐकू येतात. तुमचं बघू.

तुमची


२० एप्रिल

थोरल्या साडूंना,

ती पोचली त्याच दिवशी लिहायचं होतं, पण हात धजला नाही.

ती आली, पिशवी ठेवली, मागच्या खोलीच्या दारात जरा उभी राहिली, दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात आली. मी तुमच्या पद्धतीने भोपळा केला होता, भाजलेला लसूण, ताजं लिंबू. तिने एक घास खाल्ला आणि म्हणाली, ‘भाऊजींचा जरा बरा होतो.’ मी लसूण करपवला होता, हे खरं. तरी ते वाक्य मी अजून बाळगून आहे. एवढा तुमचा हेवा मला आयुष्यभर पुरेल. टोमॅटोचं मात्र तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. दचकलो.

संध्याकाळी दिवा लावला. ती तिच्या खुर्चीत बसली. मी घसा साफ केला, मास्तरांसमोर पहिल्यांदा उभा राहिलो होतो तेव्हासारखा. मी सुरू केलं, ‘दूर दिव्यांची ओळ दिसे ती.’ दुसऱ्या ओळीवर तिने हात वर केला.

मी थांबलो. मोठ्याने विचारलं, ‘ऐकू आलं नाही का?’

‘आलं की,’ ती म्हणाली. ‘आवाज किती म्हातारा झालाय हो तुमचा.’

साडूबुवा, मला कोणी असं काही सांगितलं नव्हतं. माणसाला स्वतःचा आवाज म्हातारा झालेला कळत नाही, आतून तो तसाच वाटतो. मी विचारलं, मग इतकी वर्षं तू बसून काय ऐकत होतीस? म्हणाली, तुमचे ओठ हलले की मी तो जुना आवाज त्यावर ठेवायची, लग्नाच्या वेळचा. तो मला पाठ होता. म्हणजे रोज संध्याकाळी या घरात कविता म्हणणारा वेगळाच होता. पंचविशीतला, जाड गळ्याचा, एकही श्वास न चुकणारा. मी समोर बसून नुसते ओठ हलवत होतो.

तेव्हा तुम्ही सुटलात. तुमची पिपाणी, तुमचा किस्सा, तुमचा भोपळा, सगळं माफ. मी आता त्या पोराचा हेवा करतो. त्याला हरवता येत नाही, कारण तो म्हातारा होत नाही आणि खोकतही नाही. ती मधूनच खिडकीबाहेर बघते तेव्हा मला वाटतं, त्याचीच आठवण काढत असेल. तिचा तो गेला, साडूबुवा. कान उघडले आणि तो गेला. त्याच्या जागी हा मी आलोय.

दोन-तीन संध्याकाळी मी कविता म्हटलीच नाही. दिवा लावून वर्तमानपत्र वाचत बसलो. काल ती म्हणाली, ‘म्हणणार नसाल तर मी अक्काकडे जाते, तिथे निदान फ्रिज बोलतो.’

म्हणून म्हटली. इतकी वर्षं तिने माझ्या ओठांवरची नजर कधी काढली नव्हती. काल पहिल्याच ओळीला तिने डोळे मिटून घेतले. झालं, मनात म्हटलं, त्यालाच बोलावतेय. आणि मी थांबलो.

डोळे न उघडताच ती म्हणाली, ‘थांबू नका. अजून ओळख होतेय.’

आपला,
धाकटा साडू